दोन ठिपक्यांमधली रेघ

श्रोतेहो, इतिहासावरचे व्याख्यान म्हटले म्हणजे एखादी लढाई, एखादा तह, निदान एखादा पराक्रमी पुरुष तरी पुढे येईल, अशी आपली रास्त अपेक्षा असते. आज आम्ही आपल्यापुढे जी गोष्ट मांडणार आहोत ती एका साध्या रेघेची आहे. दोन आकड्यांचे दोन ठिपके कागदावर मांडावेत आणि त्यांना रेघेने जोडावे, एवढीच ती क्रिया. परंतु या रेघेने आपल्या मुलखात काय काय केले हे पाहू लागलो म्हणजे ती वाटते तितकी निरुपद्रवी नाही, असे ध्यानात येते.

ठिपके जोडण्याची विद्या आपल्या घरांतून काही नवी नव्हे. अंगणात सडा घालून ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आयाबायांना ती पूर्वापार अवगत आहे. ठिपके तेच असतात. पण थोरली सून जोडते तेव्हा कमळ उमलते आणि धाकटी जोडते तेव्हा कासव होते. रांगोळीत याचे कौतुकच करावयाचे. फक्त रांगोळीतले ठिपके आपणच मांडलेले असतात आणि आकड्यांचे ठिपके जगाने मांडलेले असतात, हा भेद विसरून चालत नाही.

हा विषय आमच्या डोक्यात शिरला त्याचे निमित्त अगदी किरकोळ आहे. मध्यंतरी एका विद्यार्थ्याने संगणकावर केलेला आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या लोकसंख्येचा आलेख आमच्या पाहण्यात आला. २००१ सालच्या शिरगणतीचा आकडा ९,८७,१६० आणि २०११ सालचा ११,७७,३४५. पुढे २०२१ चा कोठा अर्थातच रिकामा, कारण त्या साली शिरगणती झालीच नाही. त्यापुढे कोणत्याशा अंदाजी तक्त्यातून घेतलेला एक आकडा. रेघ मात्र २००१ पासून शेवटपर्यंत अखंड, मोठी डौलदार. पाहावयास आलेल्या एका गृहस्थांनी चष्मा सावरला, २०२१ च्या जागी रेघेवर बोट ठेवले आणि त्या साली आपली लोकसंख्या किती होती ते बाजूच्या मापावरून वाचून दाखविले. आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. जी मोजणी कोणी केलीच नाही तिचा आकडा असा आमच्या डोळ्यांदेखत जन्माला आला आणि चार साक्षीदारही मिळवून बसला.

आम्ही त्या मुलाला विचारले, ही रेघ येथून कशी गेली? त्याने मोठ्या उत्साहाने यंत्र उघडून दाखविले. संगणकावरच्या हिशेबी तक्त्यात, म्हणजे एक्सेल म्हणतात त्यात, एखादा कोठा रिकामा असला तर काय करावे असा एक प्रश्न असतो आणि त्याला तीन उत्तरे दिलेली असतात. एक, तेथे खंड पडू द्यावा. दोन, शून्य धरावे. तीन, अलीकडचा व पलीकडचा ठिपका रेघेने जोडावा. आम्हाला मौज वाटली ती पुढेच. यंत्राला काहीच सांगितले नाही तर अशा रेघेच्या आलेखात ते आपण होऊन खंडच ठेवते. खंड बुजविण्याची आज्ञा माणसाने द्यावी लागते. १९७९ साली व्हिजिकॅल्क नावाचा असा पहिला तक्ता बाजारात आला, १९८५ साली एक्सेल आले, आणि आज तलाठ्यापासून साखर कारखान्याच्या हिशेबनिसापर्यंत सर्वांच्या हाती ते आहे. पण या तीन उत्तरांपैकी एक निवडण्याचा प्रसंग इतिहास लिहिणाऱ्यावर संगणकाच्या कितीतरी आधीपासून येत आला आहे. कागदपत्र नसले की खंड ठेवावा, काही घडलेच नाही असे धरावे, की अलीकडच्या आणि पलीकडच्या गोष्टी जोडून मोकळे व्हावे?

या रेघेचा उगम थोडक्यात सांगतो. विल्यम प्लेफेअर नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ होता. वाफेच्या यंत्राशी ज्याचे नाव जोडलेले आहे त्या जेम्स वॉटकडे त्याने आराखडे काढण्याचे काम केले होते. त्याने १७८६ साली लंडनमध्ये एक पुस्तक काढले आणि त्यात इंग्लंडचा देशोदेशींचा आयात-निर्यात व्यापार आकड्यांऐवजी वरखाली जाणाऱ्या रेघांनी दाखविला. त्यात आपल्या पूर्वेकडील देशांशी चाललेल्या व्यापाराचाही आलेख होता. शास्त्रज्ञांनी त्यापूर्वी असे थोडेबहुत केले होते. एडमंड हॅलेने शंभर वर्षे आधी, १६८६ मध्ये, उंची आणि हवेचा दाब यांची वक्ररेषा काढली होती. पण व्यापाराचा जमाखर्च रेघेने दाखविण्याची टूम प्लेफेअरची. त्याच वेळी इकडे पुण्यास सवाई माधवरावांची कारकीर्द चालू होती आणि नाना फडणिसांच्या दप्तरात रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद यांचे ढीग पडत होते. आकड्यांची वाण आपल्याकडे नव्हती. त्यांना रेघेवर चढविण्याचे मात्र कोणाला सुचले नाही, आणि त्याबद्दल फारशी हळहळ करण्याचेही कारण नाही. फडणिशी कारकून आकडा वाचत असे आणि त्याला तो समजत असे.

रेघ काढणे केव्हा न्याय्य असते? याचे उत्तम उदाहरण आपल्याच रुळांवर आहे. पूर्णेहून निघालेली गाडी वसमत, हिंगोली, वाशीम करीत अकोल्यास जाते. रेल्वेच्या नियंत्रण कचेरीत बसलेला अंमलदार तिचा आलेख काढीत असतो. पूर्वी मोठ्या कागदावर पेन्सिलीने, आता पडद्यावर. आडव्या अंगाने वेळ, उभ्या अंगाने स्टेशने. गाडी अमुक वाजता वसमत सोडून गेली, अमुक वाजता हिंगोलीस पोहोचली, असे एकेक स्टेशन कळवीत जाते, तेथे ठिपका पडतो, आणि ठिपके जोडले की गाडीचा मार्ग उमटतो. दोन गाड्यांच्या रेघा जेथे एकमेकींना छेदतात तेथे एकेरी रुळावर क्रॉसिंगची सोय करावी लागते. म्हणजे ही रेघ शोभेची नाही, हजारो माणसांचे प्राण तिच्यावर अवलंबून असतात. ती काढण्याचा अधिकार अंमलदाराला कशाने मिळतो? गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये नाहीशी होत नाही, या एका खात्रीने. ती रुळावर कोठेतरी असलीच पाहिजे. तथापि येथेसुद्धा रेघ सगळे खरे सांगत नाही. गाडी सिग्नलबाहेर वीस मिनिटे तिष्ठत उभी राहिली आणि मग धावत सुटली, तर सरळ रेघेत ते वीस मिनिटांचे तिष्ठणे दिसावयाचे नाही. आत बसलेल्या उतारूला ते चांगलेच ठाऊक असते.

उलट, कोणी हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांची लोकसंख्या मांडून तिचे ठिपके रेघेने जोडले तर त्या रेघेला काही अर्थ आहे काय? सेनगाव आणि कळमनुरी यांच्या मध्ये अर्धा सेनगाव अर्धा कळमनुरी असा तालुका नाही. तेथे खांब उभे करावेत, रेघ काढू नये. अशा रेघा छापील अहवालांतूनही आम्ही पाहिल्या आहेत आणि त्यांचा चढउतार पाहून गंभीरपणे काढलेले निष्कर्षही वाचले आहेत. असो.

आता शिरगणतीकडे पुन्हा वळतो, कारण खरी कसोटी तेथे आहे. आजच्या महाराष्ट्राच्या सीमेत जो मुलूख येतो त्याची लोकसंख्या १९११ साली २,१४,७४,५२३ होती आणि १९२१ साली २,०८,४९,६६६ भरली. हे दोन ठिपके जोडा. रेघ किंचित खाली उतरते. दहा वर्षांत सहा लाख चोवीस हजारांची घट, म्हणजे सालीना साठ-बासष्ट हजारांची. पाहणाऱ्याला वाटावे की हा मुलूख दहा वर्षे हळूहळू झिजत होता. वस्तुतः झाले ते निराळेच. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. मुंबई बंदरातून ती शिरली आणि त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर तिची दुसरी लाट देशभर पसरली. पाऊसही त्या साली दगा देऊन गेला होता. हिंदुस्थानात त्या साथीत किती माणसे गेली याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत आहेत, आणि त्यांतली बहुसंख्य माणसे थोड्या महिन्यांत गेली. म्हणजे दहा वर्षांच्या त्या मंद उतरत्या रेघेखाली खरोखर एक कडा आहे. जी माणसे त्या कड्यावरून कोसळली ती रेघेत कोठेच नाहीत. त्यांना रेघेने दहा वर्षांवर समान वाटून टाकले.

आणखी एक उदाहरण आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या आठवणीतले आहे. १९७१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी चार लाख होती, १९८१ साली ती सहा कोटी अठ्ठावीस लाखांच्या घरात गेली. रेघ चढती, तिला एक सुरकुती नाही. पण या दोन ठिपक्यांच्या मध्येच १९७२ चा दुष्काळ उभा आहे. मराठवाड्यात त्या साली माणसांनी काय खाल्ले, सुकडी कशी वाटली गेली, खडी फोडण्याच्या कामावर कोण कोण गेले, हे येथे बसलेल्या अनेकांना आमच्यापेक्षा अधिक माहीत आहे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांची संख्या ५० लाखांच्या आसपास गेली होती. विशेष म्हणजे या रेघेला सुरकुती न पडण्याचे श्रेयही बऱ्याच अंशी त्या कामांनाच आहे. १८७६-७८ किंवा १८९९-१९०० च्या दुष्काळांसारखी माणसे या वेळी मेली नाहीत. तेव्हा रेघ सरळ आहे याचा अर्थ काही घडले नाही असा होत नाही. कधी कधी फार मोठे काही घडले म्हणूनच ती सरळ राहते.

आणि आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत तर आणखी एक गुंता आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून निघून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी हा मुलूख परभणी जिल्ह्यात, १९६० पूर्वी द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली. हिंगोली जिल्ह्याची शंभर वर्षांची रेघ जेव्हा कोणी काढतो तेव्हा जो जिल्हा नव्हताच त्याचे आकडे जुन्या तालुक्यांच्या आणि गावांच्या बेरजा करून मागाहून तयार केलेले असतात. हे करणे गैर नाही, शिरगणती खातेही ते करते; पण केले आहे हे सांगितले पाहिजे. २०२१ चा रिकामा कोठा मात्र कोणत्याही बेरजेने भरणारा नाही. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आलेली मोजणी दोन महायुद्धांच्या काळातही पार थांबली नव्हती. ती कोविडच्या साथीने थांबली आणि मग पुढे पुढे ढकलली गेली. आता १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख जाहीर झाली आहे. म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये सोळा वर्षांचे अंतर राहणार, आणि त्याच अंतरात ती साथ. १९१८ चा धडा येथे कोणी वाचला नाही तर १९११ ते १९२१ सारखीच एक गुळगुळीत रेघ पुन्हा निघेल.

आकडे जरा बाजूला ठेवतो. आपल्या नरसीचेच पाहा. संत नामदेवांचा जन्म परंपरेने शके ११९२ म्हणजे १२७० सालचा मानला जातो आणि जन्मस्थान म्हणून आपल्या हिंगोली तालुक्यातील नरसीचे नाव सांगितले जाते; पंढरपूरचाही दावा आहे आणि विद्वानांत वाद आहेत. हा एक ठिपका. दुसरा ठिपका पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान गावी, जेथे नामदेवांचे स्थान आहे. तिसरा कागदावरचा आणि भक्कम: १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. आता नरसी आणि घुमान जोडा. कोणत्या वाटेने गेले, किती वर्षे तिकडे राहिले, पंजाबातले नामदेव आणि पंढरपूरचे नामदेव एकच काय, या प्रश्नांना समकालीन कागदाचे उत्तर नाही. काही अभ्यासकांनी येथे जोडरेघ मारली, काहींनी दोन निराळे नामदेव मानून खंड ठेवला. आमचे मत विचाराल तर ती रेघ काढावी, पण तुटक काढावी. नकाशावर प्रस्तावित रस्ता तुटक रेघेने दाखवितात तशी. २०१५ च्या एप्रिलमध्ये घुमान येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन भरले, तेव्हा महाराष्ट्रातून रेल्वेने गेलेल्या मंडळींनी त्या तुटक रेघेवरून निदान एकदा ठाम प्रवास केला, असे विनोदाने म्हणता येईल. भक्तांच्या मनात तर ती रेघ कधी तुटक नव्हतीच, आणि त्यांच्या भावनेशी इतिहासाने वितंडवाद घालण्याचे कारण नाही. नरसीच्या मंदिरात येणारा शीख यात्रेकरू काही पुरावा मागावयास आलेला नसतो.

मग एकमेकांशी संबंधित ठिपके कोणते आणि असंबद्ध कोणते, हे ठरवावे कशाने? याचे फार कडक उत्तर देणारी एक मंडळी आता आपल्या शेजारी येऊन राहणार आहेत. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्याचे ठरले असून केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात असावयाच्या. अशा दोन वेधशाळा अमेरिकेत आहेत, एक हॅनफर्डला आणि दुसरी लिव्हिंग्स्टनला, एकमेकींपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर तेथे प्रथम टिपली गेली. ती आधी लिव्हिंग्स्टनला आली आणि सेकंदाच्या सुमारे सात सहस्रांश भागानंतर हॅनफर्डला. आता या यंत्रांत झाड पडले, लांबवर ट्रक गेला, तरी कंप उमटतो. ठिपक्यांना तोटा नाही. परंतु त्या शास्त्रज्ञांचा दंडक असा की, प्रकाशाला एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्यास जो वेळ लागतो, म्हणजे सुमारे दहा सहस्रांश सेकंद, त्याहून अधिक अंतराने उमटलेले दोन कंप एकाच लहरीचे मानावयाचे नाहीत. ते कितीही सारखे दिसोत. त्या दोन ठिपक्यांत नाते असू शकेल काय, हे आधी ठरवावयाचे आणि रेघ मागाहून. दोनच वेधशाळांवरून लहर आकाशात कोठून आली ते नीट सांगता येत नाही. म्हणून तर आणखी दूरची एक जागा हवी होती आणि त्यासाठी आपला औंढ्याचा माळ निवडला गेला.

हा दंडक मनात ठेवून आता आम्ही हिंगोलीच्या छावणीत येतो. ज्याच्यासाठी ही सारी प्रस्तावना केली तो प्रसंग हाच.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंगोली येथे निजामाच्या नावाने पोसलेल्या पण इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली असलेल्या फौजेची छावणी होती. त्या फौजेत फिलिप मेडोज टेलर नावाचा अधिकारी होता. त्याने १८३९ साली ‘एका ठगाचा कबुलीजबाब’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी प्रसिद्ध केली. कादंबरी कल्पित, पण प्रस्तावनेत त्याने हिंगोलीची हकीगत स्वतःच्या माहितीची म्हणून दिली आहे. तो सांगतो की या भागातील ठगांचा नायक हरिसिंग हा हिंगोलीच्या छावणीतला एक प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलरचे आणि इतर अनेकांचे त्याच्याशी देण्याघेण्याचे व्यवहार होते. एकदा या हरिसिंगाने मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स याच्याकडून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना घेतला. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी तसले कापड घेऊन वाटेवर आहे, हे त्याला ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना ठार केले, त्या परवान्यावर माल हिंगोलीस आणला आणि छावणीच्या बाजारात उघड विकला. हिशेबाच्या वहीत परवाना होता, माल होता, विक्री होती. तिन्ही ठिपके जुळत होते आणि त्यांवरून निघणारी रेघ एका सचोटीच्या उदीमाची होती. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच ही गोष्ट मोठी थट्टा म्हणून सांगितली, नाही तर ती कधी उजेडात आली नसती. इतकेच नव्हे, छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली होती. माफीचे साक्षीदार एकेक जागा थंडपणे दाखवीत होते आणि खड्डे उकरले की प्रेते निघत होती. ती उकरताना आपण हजर होतो, असे टेलर लिहितो.

म्हणजे ठिपके खरे होते. याबद्दल शंका घेण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. अलीकडे काही अभ्यासक ठगी ही सारी इंग्रजांच्या डोक्यातली कल्पना होती असे म्हणतात. हिंगोलीचे खड्डे त्यांच्या आड येतात.

परंतु याच सुमारास जबलपूरकडे विल्यम स्लीमन हा अधिकारी ते ठिपके जोडीत बसला होता. त्याची पद्धत अशी: पकडलेल्यांपैकी काहींना जीवदान देऊन माफीचे साक्षीदार करावयाचे, त्यांच्याकडून खुनांच्या जागा, टोळ्यांची नावे, नातेसंबंध वदवून घ्यावयाचे आणि एकाची साक्ष दुसऱ्याशी ताडून पाहावयाची. १८३६ साली त्याने ठगांच्या सांकेतिक भाषेवर ‘रामसीआना’ हा ग्रंथ छापला. त्यात ठगांच्या घराण्यांच्या वंशावळीही आहेत. बाप, मुलगा, पुतण्या, नातू, एकेका नावापुढे कोणाला फाशी, कोणाला काळे पाणी, कोण साक्षीदार झाला. चिकाटी म्हणाल तर वाखाणण्यासारखी. तपासाच्या कामाला तिचा उपयोगही झाला. मात्र येथे दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी की साक्षीदाराचा जीव त्याने दिलेल्या नावांवर टांगलेला होता. जितकी नावे अधिक तितका तो सरकारला अधिक मोलाचा. अशा माणसाने मांडलेला प्रत्येक ठिपका सारख्याच वजनाचा मानता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक दूरगामी. दख्खनचे फासीगर, माळव्याचे ठग, अयोध्येकडचे ठग हे सारे एकाच देवीचे उपासक, एकाच पिढीजात पंथाचे, अशी एक अखंड रेघ हिंदुस्थानभर काढली गेली. पोटासाठी किंवा फौजेतून निघाल्यामुळे वाटमारी करणारे, जमीनदाराच्या आश्रयाने लूट करणारे, आणि हरिसिंगासारखे पांढरपेशे व्यापारी, हे सगळे त्या एका रेघेवर चढले. स्ट्युअर्ट गॉर्डन आणि किम वॅग्नर या इतिहासकारांनी १९६९ नंतरच्या काळात ही रेघ पुन्हा तपासून त्यामागचे निरनिराळे स्थानिक प्रकार वेगळे केले आहेत. औंढ्याच्या दंडकाने पाहिले असते तर यांतले पुष्कळसे ठिपके एका लहरीचे ठरले नसते.

कंपनी सरकारला मात्र ती रेघ सोयीची होती. १८३६ च्या ३० व्या कायद्याने असे ठरविले की, एखादा माणूस कधीही ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी त्याला जन्मठेप द्यावी. त्याने अमुक खून केला हे दाखविण्याची गरज उरली नाही. म्हणजे शिक्षा ठिपक्याला नव्हे, रेघेला. आणि वंशावळीत बापाकडून मुलाकडे रेघ निघते, ती एकदा गुन्ह्याची रेघ मानली की पुढची पायरी फार लांब नसते. ती १८७१ साली आली. त्या वर्षीच्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदविण्याची मुभा दिली. आरंभी उत्तरेत असलेला हा कायदा १९११ साली देशभर लागू करण्याजोगा झाला आणि इकडे पारधी, कैकाडी इत्यादी लोक त्याच्या जाळ्यात आले. हजेरी, परवाना, काटेरी कुंपणाची वसाहत. सोलापुरात अशा वसाहतीवरून पडलेले ‘सेटलमेंट’ हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. नुकतेच जन्मलेले मूल, ज्याने अजून पालथे पडावयासही आरंभ केलेला नाही, तेही त्या रेघेवर पुढचा ठिपका म्हणून मांडले गेले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. म्हणूनच या लोकांना विमुक्त म्हणतात आणि तो दिवस ते पाळतात. पण कागदावरची रेघ खोडली तरी लोकांच्या मनातली जात नाही. गावात चोरी झाली की पालांकडे प्रथम नजर वळते, ती आजही वळते, आणि वळविणारे आपणच असतो. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले आणि साहित्य अकादमीने गौरविले, तेव्हा त्या रेघेवर ठेवलेल्या ठिपक्याला स्वतः काय वाटते हे लातूर-नांदेड-हिंगोलीच्या पांढरपेशा वाचकाला बहुधा पहिल्यांदा कळले. शिरगणतीत या जमातींची पुरती मोजणीही झालेली नाही. जातवार आकडे सबंध देशाचे असे शेवटचे छापले गेले ते १९३१ चे. म्हणजे गुन्ह्याच्या रेघेवर त्यांना जागा होती आणि शाळा, जमीन, रेशन यांच्या तक्त्यांत बहुधा रिकामा कोठा, किंवा त्याहून वाईट म्हणजे शून्य. येत्या मोजणीत जातीची नोंद होणार असे सरकारने जाहीर केले आहे. पाल हलवून एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेलेल्या कुटुंबापर्यंत मोजणीदार पोहोचतो की नाही, हे पाहण्याचे काम आपल्यासारख्या एका जागी राहणाऱ्यांचेही आहे.

त्या विद्यार्थ्याच्या आलेखाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. आम्ही त्याला एवढेच म्हटले की २०२१ च्या जागी खंड ठेव आणि शेवटचा अंदाजी ठिपका पोकळ वर्तुळाने दाखव. त्याने ते तेथेच केले. दोनदा बोट टेकविण्याचे काम होते. मग तोच म्हणाला, “पण आता हे अर्धवट दिसते.” आम्ही म्हटले, “दिसू दे.”

हिंगोलीच्या त्या कापडवाल्याचे मात्र आमच्या मनातून जात नाही. हरिसिंगाचे नाव टेलरच्या पुस्तकामुळे लंडनपर्यंत गेले. कॅप्टन रेनॉल्ड्सचे आहे. स्लीमनच्या वंशावळींत ठगांच्या पिढ्यान्पिढ्यांची नावे आहेत. ज्याचे कापड छावणीच्या बाजारात विकले गेले त्याच्याविषयी टेलर एवढेच लिहितो, की तो हिंगोलीपासून फार लांब नसलेल्या एका गावचा व्यापारी होता. गावाचे नाव तो देत नाही, आणि त्या माणसाचेही देत नाही.